‘ओझं’ हा शब्द वगळून

“ओझं? आत्याबाई हायेत त्या माझ्या. ओझं कशाचं?”

कोरेगाव तालुक्यातल्या एका घराच्या सोप्यात बसून मी हे उत्तर लिहून घेतलं. त्याआधी तासभर त्या बाई बोलत होत्या. सासूला चार वर्षांपूर्वी लकवा मारलेला, डावी बाजू गेलेली. रात्री चार वेळा उठून कूस बदलायची. दोन दिवाळ्या माहेरी जाणं नाही. कंबर धरलेली. धाकटी जाऊ मुंबईहून दोन दिवस येते आणि “तुम्ही त्यांना नीट बसवत नाही” असं शिकवून जाते. हे सगळं झाल्यावर मी कागदावरचा प्रश्न विचारला, एकंदरीत किती ओझं वाटतं? पाच पर्यायांतला त्यांनी पहिला निवडला. कधीच नाही. गुण शून्य.

मी साताऱ्यात मानसशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी विषय घेतला होता तो घरी आजारी माणसाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्यांवरचा ताण. तो मोजायला जगभर वापरली जाते ती झारिट यांची मापनी. 1980 साली आली तेव्हा तिच्यात 29 प्रश्न होते, पुढे 22 झाले. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 88. शेवटचा प्रश्न असतो, एकंदर किती ओझं वाटतं हा. माझा बेत सोपा होता: परवानगी घ्यायची, भाषांतर करायचं, दुसऱ्या कुणाकडून ते उलट इंग्रजीत आणून मूळ प्रश्नाशी ताडून बघायचं आणि कामाला लागायचं. उलट भाषांतराची ही रीत ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून रुळलेली आहे. ओझं या शब्दाचं मी ते करून पाहिलं, तर शब्द जसाच्या तसा परत आला. एका मैत्रिणीने मराठी केलं, दुसरीने इंग्रजी, कुठे चूक नाही. कागदावर सगळं जुळत होतं, फक्त कोरेगावात जुळेना.

मराठीत ओझं असतं डोक्यावरच्या पाटीचं. माणसाला ओझं म्हणणं म्हणजे त्याला हिणवणं. सुनेनं सासूबद्दल तसं म्हणायचं म्हणजे तर स्वतःलाच आरोपी करून घ्यायचं. तेव्हा त्या बाईंचं शून्य हे ताणाचं माप नव्हतंच, त्यांच्या सभ्यतेचं होतं.

गाइड सरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “कामतांनी काय केलं होतं ते वाचलंस का?” धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने–कामत चाचणी म्हणून ती आजही आपल्याकडे वापरात आहे. नुसते शब्द बदलून ते थांबले नव्हते, कोणता प्रश्न इथल्या कोणत्या वयाच्या मुलाला जमतो हे त्यांनी नव्याने तपासलं होतं. सरांचा रोख कळला. भाषांतर बाजूला ठेवून मापनी मुळापासून बनवायची. मी सरळ सांगते, मला रडू आलं होतं. विषय मान्य होऊन वर्ष उलटलेलं आणि हाती फक्त एक नापास शब्द.

2022 च्या पावसाळ्यात मुलाखती सुरू केल्या. सातारा, कोरेगाव, वाई, पाटण. सव्वीस माणसं, त्यात सहा पुरुष. बायकोला सांभाळणारे दोन म्हातारे, बाकीचे मुलगे. प्रश्न एकच ठेवला होता, “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा.” ताण, त्रास, ओझं हे शब्द मी माझ्या तोंडून काढायचे नाहीत असं ठरवून गेले होते.

मुलाखती उतरवून काढताना एक गोष्ट दिसली. लोक थकव्याबद्दल मोकळेपणाने बोलतात, रागाबद्दल आडून बोलतात आणि कंटाळ्याबद्दल बोलतच नाहीत. पण “अडकून पडलेय” हे जवळजवळ प्रत्येकजण म्हणालं. “दावणीला बांधल्यागत झालंय.” “गावात जत्रा, आन् मी हितं.” “लग्नाला एकानंच जायचं, दोघांनी न्हाई.” ओझं हा शब्द जिथे चालला नाही तिथे हे चाललं, कारण यात आजारी माणसाला कुणी काही म्हणत नाही. दोष परिस्थितीचा. मला मोजायचं होतं ते इथे होतं.

एकशे बारा वाक्यं निघाली. सर आणि मी बसून अठ्ठावन्नवर आणली. मग व्याकरण आडवं आलं. इंग्रजीत ‘मी थकून जाते’ आणि ‘मी थकून जातो’ हे एकच वाक्य. मराठीत कागद दोन छापावे लागतात, नाहीतर प्रत्येक क्रियापदाला तिरकी रेघ देऊन ‘जाते/जातो’ करावं लागतं आणि फॉर्म रेशनकार्डाच्या अर्जासारखा दिसायला लागतो. तोडगा सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला: ‘मी’ काढून ‘मला’ आणि ‘माझं’ आणायचं. मला थकवा येतो. माझी चिडचिड होते. झालं, लिंगाचा प्रश्न मिटला.

मिटला कसला! ‘मी चिडते’ यात मी काहीतरी करते. ‘माझी चिडचिड होते’ यात ती आपोआप होते, पाऊस पडावा तशी. दोन्ही वाक्यं दहा-बारा जणींना वेगवेगळ्या दिवशी विचारून पाहिली. ‘चिडते’ला मान हलायची नाही, ‘चिडचिड होते’ला लगेच “व्हय, हुती की.” म्हणजे ‘मला’ लावल्यावर माझं विधान सौम्य झालं होतं, आणि सौम्य झालं म्हणूनच खरं उत्तर मिळत होतं. हे बरं की वाईट यावर सरांशी दोन आठवडे वाद चालला. मी ‘मला’वर ठाम राहिले. माणूस कबूल करील त्याच गोष्टीचं माप घेता येतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. सरांचं वेगळं आहे.

अठ्ठावन्न विधानं दहा तज्ज्ञांकडे गेली. मानसशास्त्राचे चार प्राध्यापक, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट, एक परिचारिका, एक आशा ताई आणि स्वतः सेवा करणारे दोघे. शेवटच्या तिघांना तज्ज्ञ म्हणण्यावरून संशोधन समितीत भुवया उंचावल्या होत्या. प्रत्येकाने प्रत्येक विधानावर सांगायचं: आवश्यक, उपयुक्त पण आवश्यक नाही, की अनावश्यक. लॉशे यांनी 1975 मध्ये याचं गुणोत्तर दिलंय. किती जणांनी आवश्यक म्हटलं त्यातून एकूण तज्ज्ञांच्या निम्मे वजा करायचे, त्या निम्म्यानेच भागायचं. दहा जण असतील तर किमान 0.62 हवं. आता गंमत बघा. दहातले आठ जण आवश्यक म्हणाले तर येतात 0.60. म्हणजे आठ मतं मिळवून विधान पडतं, त्याला नऊ लागतात.

“रात्री जरा आवाज आला की मला दचकून जाग येते” हे असंच आठ मतांवर पडलं. मुलाखतीत सव्वीसपैकी बहुतेकांच्या तोंडून आलेलं वाक्य! मी कारण लिहून ते विधान ठेवून घेतलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. त्याच हट्टाने आणखी एक ठेवलं होतं, ते पुढे घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती विधानं एका गटात चालतात ते शोधणाऱ्या हिशोबात, असं कोसळलं की त्याचा मी फारसा उल्लेख करत नाही.

तज्ज्ञांमधली सगळ्यात मोलाची सूचना आशा ताईंची. त्यांनी टिकमार्क वगैरे केलेच, पण शेवटी विचारलं, “मॅडम, ‘मला घरच्यांची मदत मिळत नाही’ यावर सुनेनं खूण केली आणि कागद नवऱ्यानं वाचला, तर?” दहा वर्षं शिकवत असून मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून एकही कागद कुणाच्या घरी ठेवला नाही. समोर भरून घ्यायचा, पाकिटात घालायचा, निघायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शाळेच्या ओसरीवर नाहीतर देवळाच्या मागे बसून वाचून दाखवला.

एक्केचाळीस विधानं घेऊन तीस जणांवर पायलट केला. आता पर्याय. ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी’ ही पुस्तकी पंचसूत्री. “क्वचित म्हंजे?” हे पहिल्याच दिवशी चौघींनी विचारलं. ‘कधी कधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतलं जास्त कोणतं यावर एका काकांनी माझ्याशी वाद घातला. शेवटी ‘कधीच नाही, एखाद्या वेळी, अधूनमधून, बऱ्याच वेळा, कायमच’ असं केलं आणि प्रत्येकाखाली फुलपात्राचं चित्र काढलं. रिकामं, पाव, अर्धं, पाऊण, भरलेलं. लिकर्ट यांनी 1932 मध्ये आपली श्रेणी मांडली तेव्हा फुलपात्र त्यांच्या डोक्यात नसणार, पण पाटणमध्ये त्यानंच काम भागलं.

आकडे बघितले तर एक विधान उलटं चालत होतं. “माझी झोप पूर्ण होत नाही.” ज्यांचे बाकीचे गुण जास्त, त्यांचे इथे कमी. झोपेचा आणि ताणाचा संबंध उलटा कसा असेल? डेटा भरताना चूक झाली म्हणून तीस फॉर्म पुन्हा तपासले. चूक नव्हती. मग बायकोला सांभाळणाऱ्या पाटणच्या एका काकांकडे परत गेले आणि म्हटलं, हे उत्तर देताना मनात काय आलं ते मोठ्याने सांगा. त्यांनी विधान वाचलं, रिकाम्या फुलपात्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “कधीच न्हाई. कधीच हुत न्हाई झोप पुरी.”

मी कपाळावर हात मारला. विधानात ‘नाही’, पर्यायात ‘नाही’. माझ्या हिशोबात ‘कधीच नाही’ म्हणजे ‘असं कधीच घडत नाही’, म्हणजे झोप छान. मराठी माणसाच्या कानाला ‘होत नाही’ला ‘कधीच नाही’ जोडलं की ‘कधीच होत नाही’. इथे दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांना बळ देतात. आईच्या मांडीवर शिकलेली ही गोष्ट संशोधनाच्या फॉर्मवर मात्र मी विसरले होते. नकारार्थी विधानं मोजली तर एक्केचाळीसमध्ये अकरा निघाली. “माझी झोप अर्धवट राहते” अशी सगळी फिरवली, पाच फिरेनात ती काढली. हे मोठ्याने विचार करायला लावणं खरं तर पायलटच्या आधी करायचं असतं. मी उलट्या क्रमाने केलं आणि एक महिना घालवला.

छत्तीस विधानं उरली आणि मोठा टप्पा आला, 260 जण. इथली फजिती थोडक्यात सांगते. कागद वाचवायला पाठपोट झेरॉक्स काढले. मदतीला घेतलेल्या दोन विद्यार्थिनींना ‘मागे पण आहे’ असं सांगायला विसरले. सत्तावीस फॉर्मची मागची बाजू कोरी. ते सगळे बाद. उरले 233.

अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं आपसात किती जुळतात त्याचा आकडा, काढला तो 0.94! क्रॉनबाख यांनी 1951 साली दिलेला हा गुणांक म्हणजे आमच्याकडे विश्वसनीयतेचा कुंकवाचा टिळा, 0.70 च्या वर गेला की लोक पेढे वाटतात. सरांना लगेच फोन केला. ते म्हणाले, “छत्तीस विधानं आहेत. विधानांमधला सरासरी सहसंबंध 0.30 असला तरी तेवढाच येतो. आणि थकव्यावर किती आहेत?” सहा होती. थकवा येतो, अंगातलं त्राण जातं, दमायला होतं, आणि अशीच आणखी तीन. एकच गोष्ट सहा वेळा विचारली की उत्तरं जुळणारच. त्या दिवसापासून कुणी मला उंच अल्फा दाखवला की मी आधी विधानं मागते.

घटक विश्लेषणासाठी सॉफ्टवेअर लागतं. कॉलेजचा एसपीएसएसचा परवाना संपलेला आणि नूतनीकरणाची फाइल कुठल्यातरी टेबलावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत फुकट मिळणारं ‘आर’ शिकले, चाळिशीत पहिल्यांदा पोहायला शिकावं तसं. कायझर यांच्या नियमाने, म्हणजे ज्यांचं आयगेनमूल्य (उत्तरांतला किती फरक तो घटक सामावतो त्याचं माप) एकच्या वर ते सगळे घटक धरायचे, तर सात घटक आले. सातांपैकी तिघांना नाव देता येईना. हा नियम हात सैल सोडतो हे ऐकून होते. हॉर्न यांची 1965 मधली समांतर विश्लेषणाची पद्धत लावली. तिच्यात संगणक तितकाच मोठा पण निव्वळ यदृच्छेने भरलेला डेटा तयार करतो, आणि तुमचा घटक त्या कचऱ्यापेक्षा मोठा असेल तरच खरा मानायचा. चार उरले.

पहिला अडकलेपणाचा, दुसरा शरीराचा, तिसरा बोलण्याचा, म्हणजे भेटायला येणारे शिकवून जातात तो. या तिसऱ्यावर माझा जीव आहे. मुंबईची ती जाऊ मला आकड्यांत भेटली. चौथा घटक बघितला तर त्यात सगळी सरळ, सुखाची विधानं गोळा झालेली: स्वतःसाठी वेळ मिळतो, हसायला येतं. कुणी डोळे झाकून सगळीकडे ‘कायमच’ करत असेल तर पकडता यावं म्हणून ही उलट्या गुणांची विधानं घालायची पद्धत असते. पण ती अनेकदा आपला वेगळा कळप करतात, आणि तो कळप अर्थाचा नसून वाक्यरचनेचा असतो. चौथा काढला.

मला अपेक्षा होती ती पैशाच्या घटकाची. पाच विधानं होती, पाच दिशांना पांगली. सुनांच्या मुलाखती परत काढून वाचल्या. “दवाखान्याचं किती झालं ते ह्यांनाच ठावं.” ज्या बाईच्या हातात हिशोब कधी आलाच नाही तिला पैशाची काळजी किती असं विचारून मी मोजत काय होते?

अठरा विधानं ठरली. आता हेच माप आहे कशावरून? सोबत पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली दिली, तिचं मराठी भाषांतर मिळतं. नऊ प्रश्न, 27 गुण. दोन्हींचा संबंध मध्यम यायला हवा होता: फारच कमी आला तर माझी मापनी ताण मोजत नाही, 0.90 आला तर मी नैराश्यच नव्या नावाने मोजतेय. 0.55 च्या आसपास आला. एकट्याने सेवा करणाऱ्यांचे गुण वाटून करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त होते, हेही अपेक्षेप्रमाणे.

पण पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. नीतिमत्ता समितीला आम्ही लिहून दिलं होतं की इथे शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच दिवशी बोलायचं. एका बाईंनी खूण केली. मी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, “येतं मनात, पर करनार न्हाई काय.” त्यांच्या संमतीने तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 ला, फोन लावला आणि ओपीडीची वेळ ठरवून दिली. दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा का गेल्या नाहीत विचारलं तर म्हणाल्या, “म्हाताऱ्याजवळ बसनार कोन?” हे माझ्या मापनीतलं सातवं विधान आहे, जवळजवळ शब्दशः.

शेवटी नव्या 210 जणांवर पुष्टी करणारं विश्लेषण केलं, म्हणजे तेच तीन घटक त्यांच्यातही दिसतात का ते पाहिलं. जुन्याच 233 वर उरकायचा मोह झाला होता, पण त्यात पास न होणं कठीण. पेपर काढणाऱ्यानेच तो सोडवायचा तसं ते. हू आणि बेंटलर यांच्या 1999 च्या लेखापासून सीएफआय, म्हणजे मांडलेली रचना डेटाशी किती जुळते त्याचा आकडा, 0.95 हवा असं सगळे म्हणतात, माझा 0.93. संगणक सुचवत होता की या दोन विधानांच्या त्रुटी, म्हणजे घटकात न बसलेला भाग, एकमेकांशी जोडा, त्या दोन जोडा, आकडा वर जाईल. जोडत गेलं की जातोच. जिथे दोन्ही विधानांत ‘रात्री’ होतं ती एक जोडी सरांनी मान्य केली आणि बाकी हात लावू दिला नाही. 0.94 वर थांबलो आणि प्रबंधात तसंच छापलं.

स्थैर्य बघायला चाळीस जणांकडे दोन आठवड्यांनी परत गेले. तीन घरांत आजारी माणूस गेलेला होता. फॉर्म सदतीस भरले, पण चाळीस घरी बसले.

आता मापनीची पीडीएफ लोक मागतात, मी देते. परवा एका नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनीचा फोन आला. “मॅडम, बहात्तरपैकी किती आले की जास्त समजायचं?” मी सांगितलं की अजून प्रमाणकं नाहीत, एकाच जिल्ह्यातले साडेचारशेच लोक आहेत, गटागटांची तुलना कर पण एका माणसावर शिक्का मारू नकोस.

“हो मॅडम,” ती म्हणाली. थोडं थांबली. “तरी साधारण?”